साथ आणि साचा

आपल्या मंडळांतून आणि अशा पत्रिकांच्या पानांतून गाण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, साथीविषयी क्वचित. कवीचे शब्द, संगीतकाराची चाल आणि गायकाचा गळा यांचा ऊहापोह करताना आपली समीक्षा थकत नाही. पण या तिघांचाही भार ज्याच्या खांद्यावर असतो, त्या साथीदाराच्या वाट्याला वृत्तान्ताच्या अखेरीस ‘समर्पक साथ लाभली’ एवढेच शब्द येतात. आता तर या साथीदाराच्या जागी बहुतेक ठिकाणी एक यंत्र येऊन बसले आहे. इंदूरचा गणेशोत्सव असो, बडोद्याची कोजागरी असो, बेळगावातील भावगीतांची संध्याकाळ असो वा गोव्यातील देवळाच्या मंडपातील सुगम गायन असो, रंगमंचाच्या एका कडेला लोखंडी घोडीवर आडवा ठेवलेला की-बोर्ड आता गृहीतच धरला जातो. त्या यंत्राविषयी समीक्षेच्या भाषेत कोणी बोलत नाही. विकत घेणारे त्याच्या किमतीविषयी बोलतात आणि जुने रसिक त्याच्याविषयी कुरकुरतात. या दोहोंपलीकडे जाऊन, या यंत्रातून निघणारी तयार साथ म्हणजे नेमके काय, ती गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कशी पालटली आणि त्या पालटाचा आपल्या गाण्यावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करू इच्छितो.

प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या गावांत आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, ती गावे संगीताच्या बाबतीत कोणाच्या मागे नव्हती. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली उघडली. ग्वाल्हेरीस कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली विद्यालय काढले आणि १९१८ साली भातखंड्यांच्या प्रेरणेने माधव संगीत विद्यालय उभे राहिले. अशा गावांतून मराठी गाणे कोणत्या साथीवर गायले जाते, हा प्रश्न त्या गाण्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मूळ प्रदेशापासून दूर असलेल्या समाजात भाषा जशी घरातील बोलण्यातून टिकते, तशीच चाल टिकते ती मैफलीतून. आणि मैफल टिकते ती साथीदारांमुळे.

प्रथम वादक ज्याला ‘स्टाईल’ म्हणतात ती वस्तू समजून घेतली पाहिजे. वादकाने डाव्या हाताने एक स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, दाबला की यंत्र त्या संघाला धरून ताल, खर्जाची चाल आणि भरणीचे स्वर आपण होऊन वाजवू लागते. उजवा हात गाण्याची सुरावट वाजवायला मोकळा राहतो. ही साथ कोणीतरी आधी बसवून ठेवलेली असते. कारखान्यातील संगीतकार साधारणतः एकाच स्वरसंघात दोन-चार आवर्तनांचा तुकडा वाजवून ठेवतो. पुढे आपण दुसरा संघ दाबला की त्या तुकड्यातील प्रत्येक स्वर कोठे सरकवायचा, याचे नियम त्याच्याबरोबरच लिहिलेले असतात. खर्जाच्या स्वरांना एक नियम, भरणीच्या संघांना दुसरा, सुरावटीला तिसरा. तालवाद्यांना मात्र कोणताच नियम नसतो. ती आपल्या जागी राहतात. शिवाय या तुकड्यांची एक मांडणी असते: आरंभीचा तुकडा, मुख्य तुकडे, मधले भराव आणि शेवटचा तुकडा. वादक बटणे दाबून एका तुकड्यातून दुसऱ्यात जातो. थोडक्यात, स्टाईल म्हणजे एक साचा आणि त्या साच्यात आपले द्रव्य ओतण्याचे नियम.

हा साचा प्रारंभी फार गरीब होता. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९५९ साली ‘साइडमन’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात फिरणाऱ्या चकतीवरच्या संपर्कबिंदूंनी तालवाद्यांचे आवाज निघत. घरगुती ऑर्गनच्या शेजारी ते ठेवावयाचे. नावाचा अर्थच मुळी ‘साथीदार’. त्याच वर्षी यामाहाने जपानात ‘इलेक्टोन’ या नावाचा विजेवरील ऑर्गन विकावयास काढला. पुढे वीस वर्षांत हे तंत्र इतके लहान आणि स्वस्त झाले की गणकयंत्रे बनवणाऱ्या कॅसिओ कंपनीने १९८० साली ‘कॅसिओटोन २०१’ हा पहिला की-बोर्ड काढला आणि १९८१ साली ‘एमटी-४०’ नावाचे छोटे वाद्य आणले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आखातातून किंवा बोटीवरून परतणाऱ्या नातलगांच्या सामानातून जी वाद्ये आली, ती याच कुळातली होती. त्यांत साथीचे प्रकार थोडे, आवाज टणटणीत, आणि स्वरसंघ ओळखण्याची रीत अगदी साधी. एक बोट ठेवले की मेजर संघ. त्याच्या सोबत ठरलेली आणखी एक पट्टी दाबली की मायनर.

या गरिबीचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. ‘एमटी-४०’ मधील ‘रॉक’ नावाचा तालखर्जाचा तुकडा हिरोको ओकुडा या तरुण संगीतज्ञ स्त्रीने बसवला होता. ती १९८० साली कॅसिओत दाखल झाली होती आणि महाविद्यालयात तिने जमैकाच्या रेगे संगीताचा अभ्यास केला होता. हे छोटे वाद्य फिरत फिरत जमैकात पोहोचले. तेथील वेन स्मिथ या गायकाने आणि किंग जॅमी या निर्मात्याने त्या तयार तुकड्याची गती उतरवून त्यावर १९८५ साली ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गीत उभे केले. तेथून रेगेचे एक नवे पर्व सुरू झाले आणि त्या एका तुकड्यावर पुढे शेकडो गीते बांधली गेली. कारखान्यात भरलेली साथ दुसऱ्या टोकाच्या बेटावर नवनिर्मितीचे बीज झाली. हे का घडू शकले? आमच्या मते, त्या तुकड्यात फार थोडे होते म्हणून. खर्जाची एक ठसठशीत चाल आणि चार ठोके, एवढेच. बाकीची सारी जागा गाणाऱ्यासाठी रिकामी होती.

साहित्याच्या वाचकाला हे सांगणे एका परिचित गोष्टीवरून सोपे जाईल. जुनी स्टाईल ही वृत्तासारखी होती. भुजंगप्रयाताचे चार यगण कवीला शब्द देत नाहीत. लघुगुरूंची चाल देतात. ओवी तर त्याहून मोकळी. ती चरणांची वळणे आणि यमकाचा आधार देते, आणि उरलेले सारे दळणाऱ्या बाईवर सोपवते. वृत्त हे बंधन खरे, पण ते रिकामे बंधन आहे आणि त्याचा रिकामेपणा हीच कवीची जागा. ऐंशीच्या दशकातील स्टाईलचे तसेच होते. तिच्यात ताल होता, खर्ज होता, एक भरणीचा संघ होता. त्यापलीकडे काही नव्हते. म्हणून चांगला वादक दोन ओळींमधली जागा स्वतःच्या उजव्या हाताने भरी. कधी तो सतारीच्या आवाजात एखादी हरकत घेई, कधी बासरीच्या आवाजात मुखड्याचा प्रतिध्वनी देई. यंत्राचे आवाज वाईट होते यात शंका नाही. त्यातली सतार सतारीसारखी नव्हती आणि व्हायोलिन तर ऐकवत नसे. पण साथ त्या वादकाची होती.

पुढचा बदल टप्प्याटप्प्याने आला. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी परस्परांशी बोलावे म्हणून ‘मिडी’ ही सर्वमान्य संकेतपद्धती अवतरली. १९९१ साली ‘जनरल मिडी’ने १२८ आवाजांची एक समान यादी ठरवून दिली. नव्वदच्या दशकात स्टाईलमधील भागांची वाटणी आठांवर स्थिरावली: तालाचे दोन, खर्जाचा एक, भरणीच्या संघांचे दोन, लांब स्वरांच्या पडद्याचा एक आणि सुरावटीच्या तुकड्यांचे दोन. २००२ साली यामाहाने ‘टायरोस’ हे वाद्य आणले. त्यातील ‘मेगा व्हॉइस’ या आवाजांत ठोक्याच्या जोरानुसार केवळ लहानमोठा स्वर येत नाही; गिटारची तार मोकळी वाजली, दाबून वाजली, घसरत गेली की नुसतीच खरडली, हे सारे त्या जोराच्या १२७ पायऱ्यांत वाटून दिलेले असते. २००८ च्या ‘टायरोस ३’ बरोबर स्टाईलच्या लेखनपद्धतीतच सुधारणा झाली आणि गिटारचे संघ गिटारीच्या पडद्यांवर जसे धरले जातात तसे वाजू लागले. तोवर ते पियानोच्या हाताने धरल्यासारखे वाजत. २०१७ साली आलेल्या ‘जेनोस’मध्ये अशा साडेपाचशे स्टाईल आहेत. मुख्य तुकडे पूर्वी दोन असत, ते अशा वाद्यांत चार झाले. प्रत्येकाला स्वतंत्र भराव मिळाला.

या सुधारणेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्याने जुन्या वाद्यांची ती टणटण ऐकली आहे, त्याला नव्या यंत्रातील गिटारचा खरखरीतपणा आणि ब्रशने वाजवलेल्या ड्रमची कुजबूज ऐकताना आनंद झाल्याशिवाय राहणार नाही. त्यामागे खऱ्या वादकांचे हात आहेत. त्यांचा ठोका किंचित मागे-पुढे पडतो आणि त्यामुळे यंत्रातही श्वास असल्याचा भास होतो. एकट्या माणसाला आपल्या घरी एवढा मोठा वाद्यवृंद लाभावा, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु समीक्षेचा प्रश्न आवाजाच्या अस्सलपणाने सुटत नाही. नव्या स्टाईलमध्ये दोन ओळींमधली जागा आधीच भरलेली असते. मुखडा संपतो न संपतो तोच व्हायोलिनांची एक सुरावट उठते. ती दर चौथ्या आवर्तनाला त्याच ठिकाणी, त्याच जोराने उठते. गायकाने कोणताही शब्द गायिला तरी तिला काही घेणेदेणे नसते. वृत्ताची उपमा येथे लागू पडत नाही. ही पूर्ण लिहिलेली कविता आहे. तिच्यात आपल्यासाठी एक शब्द गाळलेला आहे आणि तो आपण भरावयाचा आहे. अशा साथीवर गाणे म्हणजे गाळलेल्या जागा भरणे. आणि ही भरलेली साथ ऐकताना श्रोत्यांना ती ‘पूर्ण’ वाटते, त्यामुळे जो वादक जागा मोकळी ठेवतो तो त्यांना अपुरा वाटू लागतो. रुचीतील हा बदल आम्हाला यंत्रातील बदलापेक्षा अधिक गंभीर वाटतो.

जुन्या यंत्रातील स्टाईल नव्या यंत्रात नेली की काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. पुष्कळ वादकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या स्टाईल फ्लॉपीवरून पेनड्राइव्हवर आणि तेथून नव्या वाद्यात नेल्या आणि ‘ही ती नव्हेच’ असा त्यांचा अनुभव आहे. कारण उघड आहे. फायलीत आवाज नसतो. आवाजाचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकावर नव्या यंत्राने अधिक भरदार खर्ज ठेवला की जुना तोल बिघडतो. पूर्वी मागे राहणारा खर्ज आता गायकाच्या पुढे येतो. ज्या स्टाईलमध्ये तबल्याचे बोल एखाद्या भारतीय तालसंचावर बसवलेले आहेत, ती तो संच नसलेल्या यंत्रावर गेली की बोल एकतर मुके होतात किंवा त्यांच्या जागी भलतीच थाळी वाजते. उलट दिशेची गंमत तर याहून मोठी. ‘मेगा व्हॉइस’साठी लिहिलेली गिटार जुन्या यंत्रावर वाजवली, की जेथे नुसती तार खरडायची होती तेथे पूर्ण स्वर खणखणीत वाजतो. अक्षरे तीच, पण वाचणारा बदलला. भाषांतराचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे नवे नाही. एका भाषेतील सूचकता दुसरीत गेली की कधी हरवते आणि कधी आरडाओरडा होऊन बसते. म्हणून जुनी स्टाईल नव्या वाद्यात नेणाऱ्याने ती नुसती उतरवून चालत नाही. प्रत्येक भागाचा आवाज, जोर आणि तालसंच पुन्हा पाहून तिचे रूपांतर करावे लागते. हे काम जे करतात त्यांना कोणी कलावंत म्हणत नाही. आमच्या मते म्हणावयास हवे.

आता आपल्या गाण्याकडे वळू. मराठी भावगीत, नाट्यपद आणि अभंग यांचा या साच्याशी तीन ठिकाणी संघर्ष होतो: सुरात, तालात आणि श्वासात.

सुराचे उदाहरण मालकंसाचे घेऊ. या रागात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद एवढेच स्वर. त्यातील चालीला कोणी अजाण वादक षड्जावरचा मायनर संघ देतो, तेव्हा त्या संघात पंचम आपोआप येतो आणि रागाचा पायाच उखडतो. जाणता वादक मध्यमावरचा मायनर संघ धरतो, कारण त्यात मध्यम, कोमल धैवत आणि षड्ज एवढेच स्वर असतात. जुन्या यंत्रावर एवढ्याने काम भागत असे, कारण साथीत संघाबाहेरचे स्वर फारसे नसत. नव्या यंत्रावर हाच जाणता वादक अडचणीत येतो. त्याने संघ बरोबर धरला तरी यंत्रातली सुरावट त्या संघावरून दुसऱ्या स्वरावर सहज जाते; आणि मध्यमाच्या वरचा दुसरा स्वर म्हणजे पंचमच. दाराने बाहेर घालवलेला पाहुणा खिडकीने आत येतो. यंत्र जितके अधिक ‘संगीतमय’, तितका रागाला धोका अधिक, अशी ही उलटी परिस्थिती आहे.

तालाचे असेच. जुन्या यंत्रांत दादऱ्याच्या जागी ‘वॉल्ट्झ’ वापरला जाई. दोन्हींत तीन-तीनचे वजन आहे हे खरे. परंतु दादऱ्याच्या सहा मात्रांत ‘धा धिं ना’ आणि ‘धा तिं ना’ असे दोन भाग असून दुसऱ्या भागात डग्ग्याचा घुमारा ओसरतो. ही भरी आणि खाली वॉल्ट्झमध्ये नाही. तेथे प्रत्येक तिकडा सारखाच भरलेला. नवी भारतीय बाजारपेठेसाठी बनवलेली वाद्ये दादरा, केरवा, गरबा, भांगडा अशा नावांच्या स्टाईल देतात, काहींत रियाजासाठी तानपुरा आणि तबला यांचीही सोय असते, आणि त्यांत खरा तबला ऐकू येतो. ही प्रगतीच आहे. पण सात मात्रांच्या रूपकाचा विचार करा. रूपकाची सम खालीवर येते; पहिल्या मात्रेवर डग्गा घुमत नाही, हे त्या तालाचे सारे सौंदर्य. साच्याचा स्वभाव मात्र पहिल्या ठोक्यावर खर्ज आणि ढोल आपटण्याचा. सात मात्रा मोजल्या म्हणून रूपक होत नाही. पहिल्या मात्रेवर ढोल पडला की तो ताल डोक्यावर उभा राहतो.

तिसरा संघर्ष श्वासाचा. भावगीत गाणारा गायक अंतऱ्याच्या अखेरच्या शब्दावर थांबतो, तो शब्द दोनदा म्हणतो, मनात आले तर एखादी जागा वाढवतो. पेटीवाला त्याच्या ओठांकडे पाहत असतो आणि तबलजी आवर्तन वाढवून घेतो. यंत्राला ओठ दिसत नाहीत. डावा हात उचलताच साथ थांबावी अशी सोय नव्या वाद्यांत आहे. पण थांबणे आणि वाट पाहणे यांत फरक आहे. परिणामी गायकच साच्याप्रमाणे श्वास घ्यायला शिकतो. आपल्या तरुण गायकांचे गाणे अलीकडे स्वच्छ, सुरेल आणि सारखे झाले आहे, अशी तक्रार ऐकू येते. त्यातील ‘सारखे’ या शब्दाचे एक कारण आम्हाला येथे दिसते.

येथे कोणी म्हणेल, पेटीविषयीही असेच बोलले जात होते. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार झालाच पाहिजे. हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. त्याच्या ठरलेल्या स्वरांत मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली त्यावर घातलेली बंदी पुढे सुमारे तीन दशके टिकली. पण याच पेटीला गोविंदराव टेंब्यांनी स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी तिच्यावर आयुष्य वाहिले आणि शिष्य घडवले. गोव्यातील बोरीत जन्मलेल्या तुळशीदास बोरकरांना तिच्याच सेवेबद्दल २०१६ साली पद्मश्री मिळाली. मराठी रंगभूमीने तर ऑर्गनलाही आपलेसे केले. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला यांच्या पंक्तीला तो बसला. तेव्हा परके वाद्य आपले होऊ शकत नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

मात्र पेटी आपली झाली ती कशामुळे, हे नीट पाहिले पाहिजे. ती आपण होऊन काही वाजवत नसे. भाता हलवल्याशिवाय तिच्यातून आवाज निघत नव्हता आणि गायकाच्या मागे गेल्याशिवाय तिला अर्थ नव्हता. तिच्यातील उणिवा वादकाला रोज जाणवत. मींड नाही म्हणून तो बोटांच्या हलक्या स्पर्शांनी मींडीचा आभास करी. उणिवेने त्याला कलावंत केले. की-बोर्डदेखील वाद्य म्हणून असाच आपला होऊ शकतो. आमचा आक्षेप त्या वाद्याला नाही. साथ आधीच ठरवून देणाऱ्या साच्याला आहे.

यंत्राची साथ आणि राग यांचे जमूच शकत नाही, असेही नव्हे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. त्यांनी रोलँड कंपनीचे तालयंत्र, खर्जयंत्र आणि सिंथेसायझर वापरले. त्या काळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे जाणकार चकित झाले, कारण काही वर्षांनी शिकागोत जो प्रकार जन्मला त्याचा नाद तिच्यात आधीच उमटला होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. त्या मुद्रिकेत यंत्राच्या खर्जाची चाल त्या त्या रागाच्या स्वरांतून बांधलेली आहे. संघांच्या मालिकेमागे राग फरफटत जात नाही. साचा आहे, पण तो रागाच्या मापाने कापलेला आहे. तालाचा ठोका परका आणि अखंड असूनही स्वराला धक्का लागत नाही.

यावरून आपल्या मंडळांना काही करता येण्याजोगे आहे, असे आम्हाला वाटते. नव्या यंत्राचा एक गुण फारसा वापरला जात नाही: त्यातील भाग एकेक करून बंद करता येतात. सुरावटीचे दोन्ही भाग आणि लांब स्वरांचा पडदा बंद केला की उरतो ताल, खर्ज आणि एखादा संघ. म्हणजेच नव्या, गोड आवाजात जुनी मोकळीक. दुसरे, यामाहाच्या अनेक वाद्यांत डाव्या हाताने केवळ षड्ज आणि पंचम धरले तर तेही ओळखले जाते आणि साथ गंधाराविना चालते. तानपुऱ्याच्या जवळ जाणारी ही वाट भजनाला आणि अभंगाला फार उपकारक आहे. मालकंसासारख्या रागात तर पंचमही वगळून खालचा आणि वरचा षड्ज एवढेच धरावेत. तिसरे, वरच्या दर्जाच्या वाद्यांत स्वतःची स्टाईल बनवता येते आणि काहींत बाराही स्वर सेंटच्या हिशेबाने खालीवर करता येतात. प्रत्येक गावात अजून एखादा तरी जुना तबलजी आहे, ज्याच्या हातातला भजनी ठेका त्या गावाचाच आहे. तो ठेका, त्याची लग्गी, त्याची खाली, हे सारे त्याच्यासमोर बसून एखाद्या तरुण वादकाने यंत्रात बसवून घ्यावे. कारखान्याच्या साच्याऐवजी निदान आपल्या आळीतला साचा तरी मिळेल.

आणि तरीही चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कार्यक्रमातील निदान दोन गीते यंत्राचा ताल पूर्ण बंद ठेवून, माणसाच्या तबल्यावर आणि माणसाच्या पेटीवर व्हावीत. खर्चाचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. एका वादकाच्या मानधनात पाच वाद्ये ऐकू येतात, मंडळाची वर्गणी थोडी, आणि साथीदार आता मिळतात कोठे? पण साथीदार मिळत नाहीत याचे एक कारण त्यांना आपण बोलावत नाही, हेही आहे. ज्या मुलाने कधी कोणाच्या ओठांकडे पाहून साथ केली नाही, त्याच्या हाती उद्या कितीही उत्तम यंत्र दिले तरी तो बटणेच दाबत बसणार. उलट, ज्याने एक वर्ष पेटीवर कोणाची साथ केली आहे, तो त्याच यंत्रातले कोणते भाग मुके करावेत हे आपोआप ओळखतो.

जुनी स्टाईल चांगली आणि नवी वाईट, असा निवाडा आम्ही देत नाही. जुनी आपल्या दारिद्र्यामुळे मोकळी होती. त्यात तिचे श्रेय फारसे नाही. नवीला समृद्धीमुळे मोकळे राहणे कठीण जाते. त्यात तिचा सारा दोष नाही. साथ म्हणजे दुसऱ्याच्या म्हणण्याला जागा करून देणे, ही आपली जुनी समजूत आहे. त्या समजुतीवर प्रत्येक यंत्र, प्रत्येक वादक आणि आपण श्रोतेही तपासले जाऊ. पुढच्या कार्यक्रमाच्या वृत्तान्तात ‘समर्पक साथ लाभली’ असे लिहिण्यापूर्वी, साथ कोणी केली आणि कोणते भाग बंद ठेवले, एवढे जरी वार्ताहरांनी नोंदवले, तरी आपल्या संगीतसमीक्षेत साथीचा विचार सुरू झाला असे म्हणता येईल.